दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स बसवण्याआधी

अरे, ॲडॉप्टर प्लेट (इंजिनाला दुसरा गिअरबॉक्स जोडणारी प्लेट) मिळाली म्हणून लगेच गिअरबॉक्स घेऊ नकोस. आधी डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे) रेशो बघ, म्हणजे शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते ते. ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) गाडीत नव्या गिअरबॉक्समुळे पुढे ३.९० आणि मागे ४.११ झालं, तर पुढचा आणि मागचा शाफ्ट कायम एकमेकांशी झगडतात. त्या दोघांमधलं सेंटर डिफरन्शियल तापतं, शेवटी मोडतं. चारही टायर एकाच मापाचे लागतात, तेही याचसाठी.

क्लचप्लेट नव्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याच्या) दात्यांना जुळणारी घे. बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं, इंजिनाला जोडणारं कवच) इंजिनाच्या क्रँकशाफ्टशी समकेंद्री बसलंय का, ते डायल गेजने तपास. ०.१२ मिमीपेक्षा जास्त फरक मी तरी चालवून घेत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंस तर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टमध्ये धरणारं) लवकर जाईल. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा) मात्र गिअरबॉक्स जागेवर बसल्यावरच मापून कापायला दे.