आधी कलम १९ वाच

अगं, मानवी हक्कांच्या करारांवरचा तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला. सॅन साल्वादोर प्रोटोकॉलची (अमेरिका खंडातल्या देशांचा आर्थिक-सामाजिक हक्कांचा करार) प्रिंट तू पिवळ्या हायलायटरने पार रंगवून टाकलीयेस, आरोग्य, अन्न, शिक्षण, पेन्शन सगळं, आणि कलम १९ मात्र कोरं करकरीत. खरी मेख तिथेच आहे ना! त्यातला ६वा परिच्छेद बघ, वैयक्तिक तक्रार फक्त दोनच बाबतीत, युनियन आणि शिक्षण. म्हणजे १९८८ ला सह्या झाल्या, १९९९ ला लागू झाला, पण औषध मिळत नाही म्हणून त्याच्या जोरावर केस टाकायला गेलीस तर दार बंद. २०१७ ला आंतर-अमेरिकन मानवी हक्क कोर्टाने लागोस देल काम्पो विरुद्ध पेरू या खटल्यात मूळ अमेरिकन कन्व्हेन्शनच्या (हा प्रोटोकॉल ज्याला जोडलाय तो मानवी हक्कांचा करार) कलम २६ वरून, म्हणजे आर्थिक-सामाजिक हक्क हळूहळू पुरे करण्याच्या कलमावरून, मागचं दार उघडलं, कामावरून काढलेल्या माणसाची केस होती, पण त्यावर न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं, ती विरोधी मतं जरूर वाच.

म्हणून करार हातात आला की आधी शेवटची पानं उघडायची, तक्रार कोण करू शकतं ते शोधायचं, हक्कांची यादी कुठे पळून जात नाही. युरोपियन सोशल चार्टरमध्ये (युरोपातल्या देशांचा सामाजिक हक्कांचा करार) एकट्या माणसाला जाताच येत नाही, १९९५ च्या प्रोटोकॉलप्रमाणे संघटनेनेच जायचं, तेही ज्या देशांनी तो मानलाय तिथेच, पण गंमत म्हणजे आधी देशातली सगळी कोर्टं पालथी घालायची अट नाही. पहिलीच तक्रार पोर्तुगालमधल्या बालमजुरीवर, १९९८ ची.

आफ्रिकन चार्टर, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांचा मानवी हक्कांचा करार, माझा लाडका, खोटं कशाला बोलू. त्यात घराचा हक्क, अन्नाचा हक्क हे शब्दच नाहीत. नायजेरियात ओगोनी लोकांचं पाणी-जमीन तेलाने नासली, सैन्याने गावं जाळली, १९९६ ला तक्रार गेली आणि २००१ ला आफ्रिकन मानवी हक्क आयोगाने मालमत्ता, आरोग्य, कुटुंब अशी तीन कलमं एकत्र विणून त्यातून घराचा हक्क काढून दाखवला. आपल्याकडे १९८५ ला ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम २१ मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून, उपजीविका काढली, चाल तीच (मुंबईच्या फुटपाथवाल्यांना उठवायला कोर्टाने शेवटी परवानगी दिलीच, ते कुणी सांगत नाही).

आणि केनियाच्या एन्डोरोईस या आदिवासी समाजाचं पण लिही. बोगोरिया तलावाकाठून वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्रासाठी हाकललेले लोक, आयोगापुढे जिंकले, निकाल २०१० ला जाहीर झाला, आणि त्यानंतर जमिनीसाठी वर्षानुवर्षं वाट बघत बसले. तुझ्या ड्राफ्टमध्ये त्यांच्यावर एक ओळ आहे, एक पान हवं.

बुधवारी ये, कोरी प्रिंट आण, हायलायटर नको.