पायाचं हाड जबड्याला लावलं तर काका लंगडे होतील का?

काकांच्या खालच्या हिरडीला कॅन्सर आहे, जबडा कापून पायाचं हाड बसवायचं ठरतंय, पण पाय अधू होईल या भीतीने घरचे ‘नुसतं शिवून घ्या’ म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय.

आधी डॉक्टरांना एवढंच विचारा: हनुवटी जाणार आहे का? जाणार असेल तर हाड बसवाच. जिभेचे स्नायू हनुवटीला आतून धरलेले असतात. तो आधार सुटला की जीभ मागे पडते, श्वास अडू शकतो, खालचा ओठ आत ओढला जातो, लाळ आवरत नाही. तिथे नुसती धातूची प्लेट टाकली तर ती पुढे कातडी फाडून बाहेर येण्याची भीती असते, शेक (रेडिएशन) दिल्यावर जास्तच. फक्त कानाकडचा भाग जाणार असेल आणि काकांचं हृदय कमजोर असेल, तर छातीचं मांस फिरवून भागवतात. जबडा एका बाजूला सरकतो, पण तो निर्णय चुकीचा नाही.

आता पाय. शरीराचं वजन नडगी पेलते. घेतात ते तिच्या बाहेरचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्या आणि वरच्या थोड्या कातडीसकट. गुडघ्याकडचं आणि घोट्याकडचं 6 ते 8 सेंटिमीटर ठेवतात, नाहीतर घोटा डळमळतो आणि वरची नस (मज्जातंतू) दुखावली तर पाऊल लोंबतं. अंगठा वाकवायची ताकद थोडी कमी होते. चालणं राहतं. पायाचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) मात्र आधी हवा, कारण काहींच्या पावलाचं रक्त मुख्यतः त्याच हाडाजवळच्या धमनीतून जातं.

ऑपरेशन 8 ते 12 तासांचं. खरी धास्ती पुढचे तीन दिवस, कारण मानेत जोडलेल्या बारीक रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. तोंडात लावलेली पायाची कातडी निळसर, फुगलेली दिसली आणि डॉक्टरांनी टोचल्यावर काळपट रक्त आलं, तर रक्त बाहेर जायची वाट तुंबली. फिकट, गार पडली आणि टोचूनही रक्त येईना, तर आत येणारंच थांबलं. सावळ्या कातडीत हा फरक पटकन कळत नाही, म्हणून पहिल्या दिवसाचा फोटो ठेवा आणि त्याच उजेडात ताडून बघा. शंका आली तर रात्री 2 वाजताही सिस्टरला उठवा, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका. काही तासांत परत थिएटरमध्ये नेलं तरच वाचवता येतं. श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची दोरी मानेवर करकचून बांधलेली नाही ना, हेही विचारा, तिच्या दाबानेही रक्त अडतं. मावा, मिश्री, बिडी आजपासून बंद. भेटायला येणाऱ्यांच्या खिशातूनही वॉर्डात येऊ देऊ नका.

शेक लागणार असेल तर तो ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांत सुरू व्हायला हवा. म्हणून किडके दात त्याच ऑपरेशनमध्ये काढायला सांगा. शेकानंतर दात काढला तर जखम न भरता हाड सडू शकतं. शेक सोलापुरात, बार्शीत की मुंबईत, तेही आधीच ठरवा. सरकारी आरोग्य योजनेतून करणार असाल तर मंजुरी मिळाल्याशिवाय तारीख पक्की धरू नका, हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आत्ताच भेटा.

नाकातली जेवणाची नळी निघाली की आंबील, पातळ वरण, मऊ भात. कडक भाकरी आणि शेंगा चटणी डॉक्टर म्हणतील तेव्हाच. तोंड उघडायचा व्यायाम मात्र परवानगी मिळताच सुरू करा: आइस्क्रीमच्या स्वच्छ काड्यांची चळत दातांत धरायची, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. 35 मिलिमीटर गाठायचंय. शेक चालू असतानाही थांबू नका, तोंड आखडतं ते त्याच काळात आणि नंतरचे काही महिने.