जबडा मागे दबलेला दिसत असल्यास इम्प्लांट (हनुवटीच्या हाडावर बसवायचा कृत्रिम तुकडा) बसवावे की हाड कापण्याची शस्त्रक्रिया करावी?

याचे उत्तर आरशात नव्हे, दातांच्या चाव्यात शोधावे. वरचे आणि खालचे दात नीट जुळत नसतील, तर इम्प्लांटमुळे केवळ बाह्यरेषा बदलते आणि मूळ दोष तसाच राहतो. अशा वेळी खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून दातांसह पुढे आणला जातो, आणि त्याच्या आधी व नंतर मिळून बहुधा वर्षभराहून अधिक काळ दातांना तारा लावाव्या लागतात.

चावा योग्य असून फक्त हनुवटी लहान असेल, तर खरी निवड सुरू होते. सिलिकॉनचे इम्प्लांट तासाभरात बसते आणि नको झाल्यास काढता येते. सच्छिद्र पॉलिइथिलीन या प्लास्टिकच्या इम्प्लांटमध्ये मात्र ऊती वाढून रुजतात, त्यामुळे ते काढणे अवघड जाते. जंतुसंसर्ग, इम्प्लांट सरकणे आणि त्याखालचे हाड हळूहळू झिजणे हे धोके वर्षांनंतरही उरतात.

हनुवटीचे हाड कापताना दातांच्या मुळांखालून आडवा छेद घेऊन तुकडा पुढे सरकवतात व टायटॅनियमच्या पट्टीने आणि स्क्रूंनी बसवतात. यात उंची कमी-जास्त करता येते, तिरकेपणाही सुधारतो, जे इम्प्लांटला फारसे जमत नाही. किंमत म्हणून खालच्या ओठाला बधिरपणा येऊ शकतो. तो बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतो, क्वचित कायम राहतो.

माझे मत असे, की तरुण वयात मोठा बदल हवा असेल तर स्वतःचे हाडच सरकवावे. थोडासा उठाव पुरेसा असेल तर इम्प्लांट रास्त आहे. मात्र चाव्याची तपासणी आणि जबड्याचा एक्स-रे न पाहता इम्प्लांट सुचवणाऱ्याकडे जाऊ नये.