मुलगी सतत मरणाची गाणी ऐकते, तशाच कादंबऱ्या वाचते. हे सगळं बंद करावं का?

तुमची मुलगी सोळा वर्षांची. दार लावून मरणाची गाणी ऐकते, उशाशी पुस्तकंही तसलीच, आणि हे सगळं तिच्याकडून काढून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं देवघेवीच्या काउंटरवर काढली. काढून घेऊ नका, असं मी सांगेन. आधी तिच्याजवळ बसा.

मी स्वतः एकदा काढून घेतलं होतं. अकरावीतला एक मुलगा एकच कादंबरी लागोपाठ तीनदा घेऊन गेला. नायक शेवटी जीव देतो, अशी कादंबरी. परत आली तेव्हा चाळली, तर एका पानाचा कोपरा दुमडून दुमडून अगदी मऊ पडलेला, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. माझ्या पोटात गोळा आला. पुस्तक आतल्या कपाटात ठेवलं आणि पुढच्या वेळी त्याला सांगितलं, ‘बाहेर गेलंय.’ तो मान हलवून गेला तो महिनाभर फिरकलाच नाही. तो महिना मी कसा काढला, माझं मला ठाऊक. शेवटी दिसला तेव्हा त्याला बसवून खरं काय ते सांगितलं आणि विचारलं, ‘त्या पानात काय आहे रे तुझं?’ ते पान मरणाचं नव्हतंच. नायक होस्टेलवरून घरी येतो आणि आई काहीएक न विचारता ताट वाढते, एवढाच प्रसंग. दहावीला एकदा नापास झाल्यापासून या मुलाची घरी रोज जेवतानाच उलटतपासणी चालायची. रेघा बघूनच मी घाबरले होते, मजकूर धड वाचला नव्हता.

तरी तुमची भीती खोटी नाही. ती अडीचशे वर्षं जुनी आहे. ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचला असं आपण ज्याच्याबद्दल ऐकत आलो, त्याच जर्मन कवी गटेची एक कादंबरी १७७४ साली आली. प्रेमभंग झालेला वेर्थर नावाचा तरुण शेवटी आत्महत्या करतो. तिचं अनुकरण होतंय या धास्तीने लाइपझिग शहराने पुढच्याच वर्षी तिच्या विक्रीवर बंदी घातली, वेर्थरसारखा पोशाख करण्यावरसुद्धा. मग १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आकडे तपासले, तेव्हा आत्महत्येची बातमी वर्तमानपत्रात ठळक गाजली की पाठोपाठ आत्महत्या वाढतात, असं दिसलं. त्याला त्याने ‘वेर्थर परिणाम’ म्हटलं. पण लक्षात घ्या, त्याने तपासल्या त्या बातम्या, कादंबऱ्या नव्हेत.

माझ्या मते सगळं सांगण्याच्या पद्धतीवर आहे. व्हिएन्नात १९८० च्या दशकात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या वाढल्या होत्या आणि वर्तमानपत्रं त्या रंगवून छापत होती. १९८७ मध्ये पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या, वृत्तपत्रांनी त्या पाळल्या आणि तिथल्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. पुढे २०१० मध्ये व्हिएन्नातल्याच संशोधकांना उलट बाजूही सापडली: अशा विचारांतून कोणी सावरल्याची बातमी आली, तर त्यानंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसतात. मोझार्टच्या ऑपेरात मरायला निघालेल्या पापागेनोला तीन मुलं थांबवतात, म्हणून हा ‘पापागेनो परिणाम’. २०१७ मध्ये लॉजिक या अमेरिकन रॅपरने आत्महत्या रोखणाऱ्या तिथल्या हेल्पलाइनचा नंबर हेच नाव देऊन एक गाणं केलं. सुरुवातीला ते गाणं मरायचंच म्हणतं, शेवटी जगायचं म्हणतं. ते गाजत होतं तेव्हा त्या हेल्पलाइनवर येणारे फोन वाढले. गाणं काळोखातूनच जात होतं, पण पलीकडे निघत होतं.

म्हणून तिची गाणी तुम्ही ऐका, शब्द नीट ऐका. मरण सुंदर आहे, मेल्यावर सगळ्यांना अद्दल घडेल, दुसरी वाटच नाही, असं जे गाणं पुन्हा पुन्हा सांगतं त्याची मला काळजी वाटते. त्याहून जास्त काळजी ते रात्री दोनला एकटीने उगाळत बसण्याची. गाणं ऐकून रडली आणि मग भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात आली, तर त्या गाण्याने तिला हात दिला असंच मी म्हणेन. पण झोप उडालीय, मैत्रिणी तुटल्यात, आवडीच्या वस्तू वाटून टाकतेय, ‘मी नसते तर बरं’ असं बोलतेय, तर मग प्रश्न गाण्यांचा उरलेला नाही. तेव्हा सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मानसोपचारातले लोक पुन्हा पुन्हा सांगतात. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आज संध्याकाळी दार वाजवा आणि म्हणा, ‘सगळ्यात आवडतं गाणं मलाही ऐकव.’ एक इयरफोन तुमच्या कानात, एक तिच्या. गाणं संपेपर्यंत काही बोलू नका. संपल्यावरही थोडं थांबा, पहिलं तिला बोलू द्या.