सगळं तर तज्ज्ञांनीच सांगितलंय, मग निबंधात माझं काय?

निबंध किंवा प्रकल्प लिहिणारी मुलं हा प्रश्न मला सतत विचारतात. पदवीची एक विद्यार्थिनी हीच काळजी घेऊन आली होती (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). विषय होता 'परीक्षा असाव्यात की नसाव्यात'. तिने वाचन भरपूर केलं होतं, पण शिक्षकांनी शेरा दिला होता, "यात तू कुठे आहेस?" तो तिच्या मनाला फार लागला होता.

मी तिला म्हटलं, ज्या वाक्यामागे दुसऱ्या कुणाचा आधार आहे, ते पिवळं कर. पानच्या पान पिवळं झालं. राहिलेली वाक्यं 'याविषयी अमुक म्हणतात', 'तसेच तमुक यांचे मत असे' या छापाची. रडवेली होऊन ती म्हणाली, "मॅडम, उचलेगिरी केली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी पदरचं काही घातलंच नाही."

म्हणजे हा आळस नव्हता, भीती होती. अशा मुलांना 'स्वतःचे विचार मांडा' एवढंच सांगितलं, तर ती आणखी गांगरतात. विचार कुठून सुरू करायचा, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

मी तिला सगळी टिपणं मिटायला लावली. "मैत्रिणीला सांगशील तसं सांग, तुझं म्हणणं काय?" बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "परीक्षेची एवढी भीती वाटत नाही. एकाच परीक्षेवर सगळं ठरतं, त्याची वाटते." हे वाक्य मी तिला लगेच वहीत उतरवायला सांगितलं.

मग टिपणं उघडली. त्यांत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग होता. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. नंतर काहींनी तो पुन्हा एकदा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर राहिला होता, वाचत बसलेल्यांच्या ४२ टक्के. इतक्या बोलक्या प्रयोगावर तिने एकच ओळ लिहिली होती: 'या संशोधकांच्या मते परीक्षा उपयुक्त आहेत.'

मी विचारलं, "त्या चाचणीवर कुणाचं पास-नापास ठरत होतं का?"

ती थबकली. "नाही. अरे, म्हणजे हे तर माझ्याच बाजूचं आहे!"

तिने तिथेच नव्याने लिहिलं: 'आठवून लिहिल्याने जास्त लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांनी दाखवले. मात्र त्यांच्या चाचणीवर कुणाचे वर्ष अवलंबून नव्हते. त्यामुळे हा प्रयोग छोट्या, वरचेवर होणाऱ्या चाचण्यांना बळ देतो. वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेचे समर्थन त्यातून होत नाही.' पहिलं वाक्य संशोधकांचं, पुढची तीन तिची. नवा शोध लावायची गरजच पडली नाही. आधार कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, हे तिने स्वतः ठरवलं, आणि निबंधातला विचार म्हणतात तो मला तरी हाच वाटतो.

त्यानंतर प्रत्येक परिच्छेदाला आम्ही हीच कसोटी लावली: आधाराच्या आधी तुझा मुद्दा आहे का, आणि आधारानंतर 'मग काय?' याचं उत्तर आहे का? काही अवतरणं आपोआप गळाली. तिच्या मताविरुद्ध जाणारा एक लेख तिने वगळला होता, तो मी परत घ्यायला लावला. त्याला उत्तर देताना तिचं सगळ्यात चांगलं लिखाण झालं. मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहिला तरी मूळ लेखकाचा उल्लेख करायचाच, हेही पक्कं केलं.

जाताना तिने विचारलं, "मग प्रत्येक ठिकाणी 'मला वाटतं' असं लिहू का?" मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणाचं नाव न देता विधान केलं आणि त्यामागचं कारण दिलं, की ते तुझंच आहे हे वाचणाऱ्याला कळतं. तुमच्या विभागात 'मी' चालतो का, हे मात्र शिक्षकांना आधी विचारून घे.