विकण्याआधी जुन्या फ्लॅटवर 6 लाख घालावेत का?

तुमचा प्रश्न असा की कोथरूडमधला 1998 सालचा टू बीएचके विकायचा आहे, तर आधी 6 लाख घालून मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि नवीन फरशी केली तर पैसे वसूल होतील का. माझ्या मते नाही होणार. पण त्यातले दीड-दोन लाख एका ठिकाणी जरूर घाला: घरात ओल असेल तर ती मुळापासून काढायला.

आईबाबांचा कर्वेनगरचा फ्लॅट मी 2023 साली विकायला काढला. एजंट म्हणाला, नवा रंग काढून घ्या, लगेच गिऱ्हाईक लागेल. मे महिन्यात रंग काढला. ऑगस्टमध्ये बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला, फरशीपासून वीतभर वर, पोपडे धरले. त्याच आठवड्यात एक जोडपं घर बघायला आलं, सोबत नवऱ्याची आई. ती दोघं गॅलरीतून बाहेर बघत होती. या बाई मात्र थेट बेडरूममध्ये गेल्या, कपाटामागे हात घातला आणि भिंतीवर तळवा टेकवला. "ओल आहे," एवढंच म्हणाल्या. व्यवहार तिथंच मोडला. त्यांचं बरोबरच होतं, आयुष्यभराची पुंजी घालायची होती त्यांना.

मग बाथरूम फोडलं. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायच्या तोंडाच्या) कडेनं जुन्या कोब्याला, म्हणजे फरशीखालच्या पाणी अडवणाऱ्या थराला, भेग गेली होती, आणि भिंतीतला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप इतका गंजला होता की प्लंबरनं पान्हा लावताच तुकडा हातात आला. वरून रंगाचे कितीही हात मारले असते तरी ही ओल थांबली नसती. नवीन ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, वॉटरप्रूफिंग, सीपीव्हीसी (न गंजणारे प्लास्टिकचे) पाइप, आणि टाइल बसवण्याआधी 48 तास पाणी कोंडून ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत दिवसातून दोनदा बघून येत होतो. सगळं मिळून 1 लाख 40 हजार लागले. भिंत पूर्ण वाळायला दीड महिना दिला, मगच रंग. पुढच्या गिऱ्हाइकासमोर फोडकामाचे फोटो आणि बिलं ठेवली. बाकी घासाघीस झाली, पण ओलीच्या नावाखाली एक रुपयाही कमी करावा लागला नाही.

आणि कृपा करून ओल पीव्हीसी पॅनेलमागे झाकू नका, कुणी कितीही सुचवलं तरी. सहज न दिसणारा मोठा दोष खरेदीदाराला सांगणं हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं (1882, कलम 55) विक्रेत्याचं कर्तव्य आहे. कायदा राहू द्या, पण कुणाच्या तरी लहान मुलाची खाट त्या भिंतीला लागणार असते.

किचनचं म्हणाल तर आमच्या खरेदीदारांनी ताबा घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ओटा फोडला. त्यांना वेगळा हवा होता. घर घेणारा किचन आपल्या मनासारखं करतोच. शिवाय बँकेचा व्हॅल्युअर (कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा) कार्पेट एरिया, इमारतीचं वय आणि त्या भागातला दर बघतो, तुमच्या किचनची शटर्स नाही. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे इंटिरियरसाठी लावलेली जास्तीची किंमत बहुतेक खरेदीदाराला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. तिथंच तो मागे सरतो.

तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी सोसायटीत जाऊन रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय ते विचारा. कोथरूडमध्ये तुमच्या इमारतीच्या वयाच्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतायत. तसा ठराव झाला असेल तर गिऱ्हाईक भविष्यातल्या नव्या फ्लॅटचे पैसे देतोय, आणि तुमच्या नव्या फरशीचा काही वर्षांत राडारोडा होणार. ठराव नसेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागून ठेवा, जाणकार खरेदीदार तो विचारतोच.

गॅलरी आत घेऊन हॉल मोठा करायचा विचार असेल तर नको. मंजूर नकाशाशी जुळलं नाही तर कर्जाला अडचण येते. भिंती पाडून ओपन किचन करायच्या भानगडीतही पडू नका, आत कॉलम-बीम कुठे आहे हे ठेकेदाराला नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

बिलं मात्र जपून ठेवा. कर काढताना घरात खरी भर घालणारा भांडवली खर्च विक्रीच्या नफ्यातून वजा मागता येतो, नुसता रंग नाही. तुम्ही 1998 सालीच घेतलेला असल्यास 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं. नफ्यावर कर 12.5 टक्के सरळ की इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरून) 20 टक्के, हा हिशेब सीएकडून दोन्ही बाजूंनी करून घ्या.

आता पाऊस असेल तर घाई करू नका. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खिडक्या उघड्या ठेवा आणि प्रत्येक भिंतीवर स्वतः तळवा टेकवून बघा. जिथे गार लागेल तिथून काम सुरू करा.