एसक्यूएलअल्केमीत फॉरेन की दिल्यावर पुन्हा रिलेशनशिप कशाला लिहायचं?

सावद्याच्या केळी व्यापाऱ्यासाठी तुम्ही एसक्यूएलअल्केमी (पायथॉनमधून डेटाबेस हाताळायची लायब्ररी) वापरून ॲप करताय. शेतकरी आणि गाडी अशी दोन टेबलं आहेत, एका गाडीत अनेकांचा माल आणि एकाचा माल अनेक गाड्यांत. फॉरेन की असताना रिलेशनशिप कशाला, आणि या दोघांना जोडणाऱ्या मधल्या टेबलासाठी 'सेकंडरी' (वेगळा क्लास न लिहिता रिलेशनशिपला नुसतं टेबल देणं) चालेल का, एवढंच विचारलंय ना?

पहिलं पटकन सांगतो. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आयडी ठेवणारा कॉलम) डेटाबेससाठी, रिलेशनशिप पायथॉनसाठी. रिलेशनशिप लिहिल्याने टेबलात एकही कॉलम वाढत नाही. गाडीच्या ऑब्जेक्टवरून तिच्यातल्या मालाची यादी थेट मिळते, इतकंच. दोन्ही बाजूंना बॅक-पॉप्युलेट्स द्या, म्हणजे एकीकडे जोडलेलं दुसरीकडे लगेच दिसतं. आणि एसक्यूलाइट (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) वापरत असाल तर सांभाळा: तिथे फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, दर कनेक्शनला प्राग्मा (त्याची सेटिंगची आज्ञा) देऊन चालू करावी लागते.

खरी गोम मधल्या टेबलात आहे. मी जळगावला व्यापाऱ्यांसाठी अशीच कामं करतो, आणि माझं मत स्पष्ट आहे: इथे सेकंडरी नको. सेकंडरी तेव्हाच बरं, जेव्हा मधल्या टेबलात दोन आयडींपलीकडे काही नसतं. तुम्ही एकदा काटा पावती समोर घेऊन बसा भाऊ. भरलेलं वजन, रिकामं वजन, कटती (वजनातून वजा होणारी घट), क्विंटलचा भाव. यातलं काहीच एकट्या शेतकऱ्याचं नाही नि एकट्या गाडीचंही नाही. म्हणून 'वजन' असा स्वतंत्र क्लास करा, त्यात दोन फॉरेन की आणि हे सगळे कॉलम. त्याला स्वतःचा आयडी द्या; दोन फॉरेन की मिळून प्रायमरी की करू नका, कारण एकाच शेतकऱ्याचा माल एकाच गाडीत दोनदा काट्यावर चढू शकतो.

भाव शेतकऱ्याच्या टेबलात तर चुकूनही ठेवू नका. आज भाव बदलला की मागच्या महिन्याच्या पट्ट्या (शेतकऱ्याला दिलेल्या हिशोबाच्या पावत्या) बदलतील, मग व्यापारी आणि शेतकरी दोघं तुमच्या दारात. पैशांना फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, न्यूमेरिक (नेमके दशांश) घ्या. एसक्यूलाइटवर सरळ रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेवलेली बरी.

शेतकऱ्यावर डिलीटचं कॅस्केड (तो काढला की त्याच्या ओळीही आपोआप काढणं) लावायचा मोह होईल. लावू नका, हिशोबाच्या ओळी त्याच्यासोबत उडतील. कॅस्केड नसताना एसक्यूएलअल्केमी त्या ओळींतली फॉरेन की नल (रिकामी) करायला जाते. कॉलम नल घेत नसेल तर एरर येतो, आणि इथे तो आलेलाच बरा. त्यापेक्षा 'चालू/बंद' असा कॉलम ठेवा.

क्लास लिहिताना मॅप्ड आणि मॅप्ड-कॉलम वापरा. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या 2.0 ची तीच पद्धत आहे, जुन्या व्हिडिओंत नुसतं कॉलम दिसेल. पन्नास गाड्यांची यादी दाखवताना सिलेक्ट-इन-लोड (सगळ्या गाड्यांचा माल एकत्र आणायची सोय) लावा, नाहीतर दर गाडीमागे एक वेगळी क्वेरी जाते.

आणि नंतर एखादा कॉलम आठवला तर क्रिएट-ऑल (टेबलं बनवणारी आज्ञा) जुन्या टेबलाला हात लावत नाही. व्यापाऱ्याचा खरा डेटा भरायच्या आधीच अलेम्बिक (असलेल्या टेबलांत बदल करणारं साधन) बसवून घ्या.